गोदामातली धून पुन्हा बाहेर काढताना: नव्वदच्या दशकातल्या नाचाच्या कॅसेटची नवी आवृत्ती आणि रिमिक्स

आमच्या दारव्हा-दिग्रस पट्ट्यात वरातीत एक धून निघाली की लोक चपला हातात घेऊन नाचतात. १९९६ च्या मे महिन्यात एका बेंजो पार्टीनं, म्हणजे वरातीत बटनांचा बेंजो, ढोलक, ताशा वाजवणाऱ्या मंडळींनी, ती कापसाच्या जिनिंगच्या रिकाम्या गोदामात, दोन माइक लावून टेपरेकॉर्डरवर भरली. कंपनी नाही, कव्हर नाही. कॅसेटवर स्केच पेननं 'नाच' एवढंच. पुढं ती पानठेल्यावरून सलूनमध्ये, सलूनमधून काळीपिवळीत, एका कॅसेटवरून दुसरीत भरत भरत दोन तालुके फिरली. त्याच वर्षांत शिकागो, डेट्रॉइट, लंडनकडची पोरं कोऱ्या पांढऱ्या लेबलाच्या बारा इंची रेकॉर्डी दुकानदारांच्या हातात ठेवत होती आणि जग त्याला अंडरग्राउंड डान्स म्हणत होतं. आमच्याकडं शब्द नव्हता, माल होता.

मी साउंड सर्व्हिसवाला. लग्नसराई संपली की पावसाळाभर स्पीकरच्या पेट्या झाकून बसायचं, म्हणून दोन पावसाळे या धुनीच्या मागं लागलो. तुमच्याही घरी, मामाच्या कोठीत, बंद पडलेल्या कॅसेटच्या दुकानात असलं काही असेल तर ते नीट बाहेर कसं काढायचं, ते क्रमानं सांगतो. एक आधीच सांगून टाकतो: कॉम्प्युटरचं काम सगळ्यात शेवटी येतं. मी पहिल्यांदा ते सगळ्यात आधी केलं आणि तोंडावर पडलो.

कॅसेट एक नको, सापडतील तेवढ्या

पहिली कॅसेट मिळाली की लगेच कामाला लागू नका. हाताहाती भरलेल्या मालात प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिढीची असते. मूळ टेपवरून भरलेली, तिच्यावरून भरलेली, तिच्याही पुढची. दर पिढीला खरखर वाढते आणि वरचा आवाज, म्हणजे झांज, खुळखुळा, बेंजोच्या तारेची किणकिण, खाली बसत जातो. म्हणून कॅसेटी पारखताना मोठा आवाज कुठल्या कॅसेटचा हे पाहू नका, झांजेकडं कान द्या. ज्या कॅसेटमध्ये झांज 'छन्न' वाजून विरत जाते ती जुनी पिढी. जिथं नुसतं 'छ' होऊन संपतं ती नातवंडं.

आम्हाला अकरा कॅसेटी मिळाल्या. सर्वांत चांगली निघाली ती सलूनवाल्या काकांची. कारण साधं होतं: त्यांनी ती बेंजोवाल्याकडूनच थेट भरून घेतली होती आणि मागच्या दोन प्लास्टिकच्या खुंट्या मोडून ठेवल्या होत्या, म्हणजे चुकूनही वरून दुसरं काही भरलं जाऊ नये. देताना म्हणाले, "नेजो, पन वापस आणून देजो. दुकानात वाजवतो मी अजून."

वाईट कॅसेटीही फेकू नका. चांगल्या कॅसेटमध्ये मध्येच अर्धा सेकंद आवाज बुडाला असेल तर तेवढा तुकडा दुसरीतून उचलून बसवता येतो. आम्ही तीन ठिकाणी तसं केलं. सी-९० (नव्वद मिनिटांची) पेक्षा सी-६० (साठ मिनिटांची) वर भरलेली मिळाली तर ती आधी घ्या. सी-९० ची फीत पातळ असते, आमच्या उन्हाळ्यात टिनाच्या छताखाली पंचवीस वर्षं काढल्यावर ती ताणलेली निघते.

कागद: कंटाळवाणा भाग, पण इथंच गाडी अडते

पहिल्या उत्साहात मी धून साफ केली, खाली थोडा बास लावला आणि इंटरनेटवर टाकून मोकळा झालो. आठव्या दिवशी ढोलकवाल्याचा मुलगा दारात उभा. भांडला नाही. एवढंच म्हणाला, "भाऊ, बाबाचं नाव कुठंच नाही दिसून राह्यलं." त्याच रात्री मी ते काढून टाकलं आणि कामाला नव्यानं सुरुवात केली.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एका धुनीवर हक्कांचे वेगवेगळे थर असतात. पहिला थर ध्वनिमुद्रणाचा. त्याचा मालक निर्माता, म्हणजे ज्यानं पुढाकार घेऊन, जबाबदारी उचलून ते भरून घेतलं तो. आमच्याकडं पार्टीच्या मालकानं पैसे घातले होते, म्हणून तो. हा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. १९९६ चं मुद्रण २०५६ संपेपर्यंत कुणाचं तरी आहे, 'जुनं झालं, आता सगळ्यांचं' असं नाही. दुसरा थर चालीचा आणि शब्दांचा: ज्यानं चाल बांधली त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. तिसरा थर वाजवणाऱ्यांचा, त्याला ५० वर्षं. शिवाय आपलं वादन विकृत करून नाव खराब केलं अशी हरकत वाजवणारा घेऊ शकतो. म्हणून नुसत्या नव्या आवृत्तीची परवानगी रिमिक्सला पुरत नाही, रिमिक्सची वेगळी लिहून घ्या.

आता आपल्याकडच्या बेंजो पार्ट्यांची खास गोम. पाच मिनिटं स्वतःची किंवा परंपरेची चाल वाजते आणि मग गर्दी पेटली की मध्येच त्या वर्षीच्या सिनेमातलं गाणं घुसतं. आमच्या धुनीत असा सव्वा मिनिटाचा तुकडा होता. पारंपरिक चाल कुणाच्या मालकीची नसते, सिनेमातली असते. त्या कंपनीकडून परवानगी आणणं आमच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून तो तुकडा आम्ही काढला. गावातले लोक अजून मला त्यावरून बोलतात. बोलू द्या. तो ठेवला असता तर यूट्यूबच्या यंत्रानं पहिल्याच दिवशी पकडला असता.

माणसं सापडली की प्रत्येकाच्या घरी जाऊन बसा. चहा दोनदा होईल तेवढा वेळ काढा. गेलेल्या माणसाच्या वारसांची सही लागते, आणि ती घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची नव्हे तर सगळ्या वारसांची. करार ५०० रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, मराठीत, प्रत्येकाला वाचून दाखवून. हक्क द्यायचे तर ते लेखीच द्यावे लागतात, तोंडी शब्दाला कायद्यात किंमत नाही. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून मुदत, प्रदेश, कुठल्या धुनीचे कुठले हक्क आणि कुणाचा किती वाटा हे स्पष्ट लिहा. स्ट्रीमिंग, यूट्यूब, रील, कॅसेट, रेकॉर्ड अशी माध्यमंही नावानिशी लिहा. आम्ही खर्च वजा जाता निम्मे पैसे वाजवणाऱ्यांत समान वाटले. चाल बांधणाऱ्या बेंजोवाल्याचा वाटा वेगळा.

मालकच सापडत नसेल तर कलम ३१अ आहे. वर्तमानपत्रात जाहिरात देऊन व्यावसायिक न्यायालयाकडं परवाना मागता येतो. एका वरातीच्या धुनीसाठी हा रस्ता महाग आहे. त्यापेक्षा आणखी दोन बाजार फिरून माणूस शोधलेला बरा.

हे नुसतं आपल्याकडं घडतं असंही नाही. शिकागोच्या लॅरी हर्ड आणि रॉबर्ट ओवेन्स या हाउस नावाच्या डान्स संगीतातल्या दिग्गजांनी ऐंशीच्या दशकातल्या ध्वनिमुद्रणांसाठी २०२० साली जुन्या लेबलावर दावा लावला. २०२२ मध्ये तडजोड होऊन त्यांना हक्क परत मिळाले. तिकडं वकील होते, आपल्याकडं चहा आहे. आणि हे काम माणसं हयात असताना करा. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर राग वाजवून काढलेली रेकॉर्ड तेव्हा कुणी विचारली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि परदेशातल्या डान्स संगीतवाल्यांनी डोक्यावर घेतली. सिंग २०१५ साली गेले, पण त्याआधी म्हातारपणी युरोपात जाऊन ती लोकांपुढं वाजवून आले.

टेप वाजवणं

इथं घाई केली तर पुढं कुठलंच सॉफ्टवेअर वाचवत नाही. कॅसेट आधी उजेडात धरून पाहा. फितीच्या कडेला पांढरी बुरशी दिसली तर ती डेकमध्ये घालूच नका. तोंडाला रुमाल बांधून, अंगणात, मऊ ब्रशनं झाडा. डबी उन्हानं वाकडी झाली असेल तर स्क्रूवाली कोरी कॅसेट उघडून फीत तिच्यात हलवा. फितीच्या मागची छोटी नमद्याची गादी गळालेली असते, तीही त्याच कोऱ्या कॅसेटमधून घ्या.

डेक चांगला हवा, टू-इन-वन नको. जुन्या डेकचे रबरी पट्टे बदला. हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि फीत ओढणारी लोखंडी खुंटी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात 'आयपीए' म्हटलं की देतात. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी असतं. रबरी चाक मात्र अल्कोहोलनं पुसू नका, ते कडक होतं. त्याला साबणाचं पाणी पुरे.

मग सगळ्यात महत्त्वाचं, हेडचा तिरकसपणा. हेडच्या एका बाजूला छोटा स्क्रू असतो, बहुतेक वेळा त्यावर रंगाचा ठिपका. भरणाऱ्या मशीनचं हेड ज्या कोनात होतं त्याच कोनात तुमचं हेड यायला हवं. टेप चालू ठेवा, डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनो ऐका आणि स्क्रू अगदी पाव फेऱ्याच्याही आत, इकडंतिकडं फिरवा. एका जागी येऊन झांज एकदम उघडते, दारावरचा पडदा बाजूला केल्यासारखी. तिथंच थांबा. स्क्रूड्रायव्हर चुंबक लावलेला नको. ज्याच्या घरी हा स्क्रू फिरवून पाहिला त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं; तीस वर्षांत त्यानं ती झांज ऐकलीच नव्हती.

प्रत्येक कॅसेटसाठी हा कोन नव्यानं लावायचा. मग २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर भरा, सगळ्यात मोठा ठोका उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, आणि आवाज वाढवणारं, साफ करणारं कुठलंही बटन दाबू नका. लॅपटॉप चार्जरवर नको, बॅटरीवर. आमच्या खेड्यातल्या अर्थिंगची हुम, म्हणजे विजेची घूं घूं, टेपवरच्या हुमपेक्षा मोठी निघाली होती.

वेग ठरवणं

कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर चालायला हवी, पण भरणारं आणि वाजवणारं मशीन दोन्ही थापा मारतात. शहरातले जाणकार सांगतात की टेपवरची विजेची हुम ५० हर्ट्झवर आणा, वेग बरोबर होतो. विदर्भातल्या १९९६ ला हे लागू करू नका. तेव्हा विजेच्या ग्रिडची फ्रिक्वेन्सीच ५० वर टिकत नसे. संध्याकाळी मागणी चढली की ४९ च्याही खाली उतरायची, रात्री वर चढायची. त्यात कुणी जनरेटर लावलेला असला तर विचारूच नका.

आम्ही आधार घेतला कॅसिओचा, म्हणजे पार्टीतल्या इलेक्ट्रॉनिक कीबोर्डचा. त्याच्या आतला स्फटिक विजेवर अवलंबून नसतो आणि त्याचा 'ए' सूर ४४० हर्ट्झवर असतो. ट्यूनिंगची चकती कुणी फिरवलेली नसेल असं धरून मोजलं, तर आमच्या टेपवर ४५२ आलं. म्हणजे टेप २.७ टक्के जोरात चालत होती. दुरुस्ती करताना वेग आणि सूर दोन्ही एकत्र खाली आणा. सूर तसाच ठेवून वेग बदलणारं बटन नको.

एक गंमत: धून पुढं पुढं हळूहळू वर चढत जात असेल तर संशय सेलवर घ्या. भरताना टेपरेकॉर्डरचे सेल उतरत गेले की फीत मंदावते, आणि नीट मशीनवर वाजवली की आवाज चढत जातो. वाजवणाऱ्यांचा वेग वाढणं वेगळं. त्यात सूर जागचा हलत नाही. आमच्याकडं दोन्ही होतं.

साफसफाईबद्दल फार लिहीत नाही. टिकटिक काढा, बुडालेले तुकडे भरा, खरखर तीन-चार डेसिबल कमी करा आणि हात आवरा. खरखर पूर्ण काढलेली धून पाण्याखाली वाजल्यासारखी येते. गोदामाच्या टिनाचा घुमार, सुरुवातीला कुणीतरी "हं, चालू दे" म्हणतो ते, सगळं राहू द्या. नवी आवृत्ती म्हणजे हीच. रिमिक्स ही तिच्याशेजारची वेगळी वस्तू. दोन्ही एकत्र बाहेर काढा, म्हणजे मूळ काय होतं हे ऐकणाऱ्याला कळतं.

रिमिक्स

आम्हाला एक नशीब लाभलं. गोदामात डावा माइक बेंजो-कॅसिओजवळ होता, उजवा ढोलक-ताशाजवळ. म्हणजे धून अर्धी आधीच सुटी होती. तुमची मोनो असेल तर डेमक्ससारखं फुकट सॉफ्टवेअर आवाज वेगळे करून देतं: गळा, ड्रम, बास आणि उरलेलं. मात्र ते शिकलंय दुसऱ्याच संगीतावर. बेंजो म्हणजे टाइपरायटरसारख्या बटनांचं वाद्य, मूळ जपानचं, १९१२ सालचं ताइशोगोतो. ते आमच्याकडं बुलबुल तरंग होऊन आलं आणि मग पिकअप लागून वरातीत शिरलं. सॉफ्टवेअर त्याला कधी गळ्यात टाकतं, कधी उरलेल्यात. घाबरू नका, दोन्ही फायली एकत्र करून बेंजो परत मिळवा. ढोलकाचा घुमारा बासमध्ये जातो, तोही उचलून ड्रममध्ये ठेवा. चालू डेकवरून भरलेल्या मूळ फायलीवरच हे करा, एमपीथ्रीवर नाही.

आता ठेका. इथं बहुतेक रिमिक्सवाले धून मारतात. आपला वरातीचा ठेका सहा मात्रांचा, दादऱ्याच्या घराण्यातला. हाउसचा ठोका चारचा. पोरं सहाला ओढून चारात कोंबतात आणि मग नाचणाऱ्याचे खांदे हलत नाहीत, नुसते गुडघे हलतात. उपाय सोपा आहे: सहातल्या पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर किक, म्हणजे ड्रमचा खालचा जाड ठोका, ठेवा. दोन आवर्तनांत चार किक होतात, डीजेला त्याचं चार-चार मिळतं, आणि प्रत्येक किकच्या पोटात तीन मात्रा झुलत राहतात. सॉफ्टवेअरमध्ये ठोक्यांच्या रेघांचं ग्रिड ट्रिपलेटवर, म्हणजे एका ठोक्याचे तीन भाग करून, लावा. टीआर-९०९ या ड्रम मशीनचा किक असो की तुमच्या स्वतःच्या ढोलाचा, नियम तोच.

दुसरं, वेग. मूळ धून मिनिटाला ११८ ठोक्यांनी सुरू होऊन १३१ ला संपते. क्लिक ट्रॅक, म्हणजे वेग धरून ठेवणारी टिकटिक, कुठून असणार? मी दोन रिमिक्स काढले. एक १२६ वर सरळ केलेला, डीजेंसाठी; त्यात दर चार आवर्तनांच्या पहिल्या ठोक्यालाच खूण केली, आतले ठोके जसे पडले तसे ठेवले. दुसऱ्यात टेपला हात लावला नाही, उलट किकच टेपच्या मागं धावायला लावला. ठोक्यांचा नकाशा काढायला चार रात्री गेल्या. पहिला बाहेर जास्त वाजतो. गावात मात्र दुसराच मागतात, कारण वरात मंदिरापासून मंडपापर्यंत जाताना जो जोर चढतो तो त्याच्यात आहे.

बास घालताना ४० ते ६० हर्ट्झच्या आतच काम करा. त्याच्या वर ढोलकाची जागा आहे, तिथं शिरू नका. बेंजोची धार दोन ते चार किलोहर्ट्झमध्ये असते. फोनवर ती कानात घुसते, पेटीवर हवी असते, म्हणून दोन्हीकडं ऐकून मधला मार्ग धरा. सुरुवातीला आणि शेवटी तीस-तीस सेकंद नुसता ठेका ठेवा, डीजेला जोडायला.

चाचणी घरच्या स्पीकरवर नको. पेट्या लावा, उघड्यावर लावा. पण रात्री १० नंतर नाही. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद आहे, आणि रहिवासी भागात दिवसाही मर्यादा ५५ डेसिबल. आम्ही तुरीच्या वावरात, दुपारी लावलं.

बाहेर काढणं

ऑनलाइन वाटपासाठी मास्टर उणे १४ एलयूएफएसच्या (सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आसपास, शिखर उणे १ डेसिबलवर. त्याहून मोठा केलात तर स्पॉटिफायसारख्या सेवा स्वतःच खाली आणतात आणि तुमचा ठोका चपटा झालेला तेवढा उरतो. मूळ, सरळ रिमिक्स, धावता रिमिक्स, प्रत्येकाला स्वतःचा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी, म्हणजे मुद्रणाचा ओळख क्रमांक, लागतो; गाणी ऑनलाइन सेवांवर पोचवणारा वितरक देतो. नावं देवनागरीत आणि सगळ्यांची: बेंजो, कॅसिओ, पॅड, ढोलक, ताशा, आणि टेपरेकॉर्डरचं बटन दाबणाराही. चाल बांधणारा माणूस हयात असेल तर त्याला आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या हक्कसंस्थेचं सदस्य करा, नाहीतर चालीचे पैसे येऊन पडून राहतात.

बारा इंची रेकॉर्डचा मोह मलाही झाला. ४५ च्या गतीवर एका बाजूला दहा-बारा मिनिटं नीट बसतात, बास मध्यभागी मोनो ठेवावा लागतो, आणि किमान काही शे प्रती छापाव्या लागतात. आमच्याकडं रेकॉर्ड प्लेअर एकाच्याही घरी नाही. पेन ड्राइव्ह आणि शंभर कॅसेटी काढल्या, कॅसेटवर पुन्हा स्केच पेननं 'नाच'. काळीपिवळीवाल्यांनी पेन ड्राइव्ह नेले, कॅसेटी पुण्या-मुंबईच्या पोरांनी.

मूळ फायली दोन हार्ड डिस्कवर ठेवल्या, एक माझ्याकडं, एक बहिणीकडं यवतमाळला. आणि अकराच्या अकरा कॅसेटी ज्याच्या त्याच्या घरी पोचत्या केल्या. सलूनवाल्या काकांनी गिऱ्हाइकाच्या अर्ध्या दाढीवर वस्तरा थांबवला, कॅसेट हातात घेतली, मागच्या मोडलेल्या खुंट्यांवरून अंगठा फिरवला आणि आधी मशीनमध्ये घालून पाहिली.

"तेच हाय," म्हणाले, आणि पुन्हा दाढीला लागले.